ठिपके, मधमुंग्या आणि आपली तलावपाळी

सुट्टीत बिल्डिंगमधली पोरं घरी जमली की हाताला काहीतरी उद्योग द्यावाच लागतो, नाहीतर आहेच मोबाईल. यावेळी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं घेतली. नेटवर बघितलं तर जिकडे तिकडे कांगारू नाहीतर बूमरँगचं कटआऊट, त्यात इअरबडने ठिपके भरा, झालं! मला ते काही पटेना, कारण तिथल्या वाळवंटातली ही चित्रं म्हणजे नुसती नक्षी नसते हो, त्यांच्या जमिनीचा नकाशाच असतो तो, पाणी कुठे, पूर्वज कुठून कुठे गेले, सगळं वरून बघितल्यासारखं.

म्हणून आधी गोष्ट. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या नावाची वस्ती आहे, तिथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचे चित्रकलेचे मास्तर होते, त्यांनी उत्तेजन दिलं आणि जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली, मग वाळूत नि अंगावर काढायच्या खुणा बोर्डावर, कॅनव्हासवर यायला लागल्या. मधमुंगीचं पोट गोड रसाने फुगून छोट्या द्राक्षाएवढं होतं, तिथल्या बायका जमीन खणून त्या काढतात आणि पोटातला रस चोखतात. "काकू, जिवंत मुंगी??" यावरच बराच वेळ गेला.

त्यांचे मूळचे रंग लाल-पिवळी माती, पांढरी माती, कोळसा. आम्ही कुंड्यांचा गेरू, हळद, तांदळाची पिठी आणि कोळशाची पूड घेतली, वर पार्सलच्या खोक्यांचे पुठ्ठे. अट एकच, त्यांच्या कथा कॉपी करायच्या नाहीत. तिथे कथेवर ठराविक घराण्यांचा हक्क असतो, परवानगीशिवाय त्यांच्यातलाही दुसरा कुणी ती रंगवत नाही, मग आपण कोण? आपण आपलं ठाणं काढायचं, वरून, आणि खुणाही स्वतःच शोधायच्या.

मग काय, तलावपाळी, उपवन, कचराळी सगळे तलाव आले, येऊरच्या बिबट्याचे पंजे आले, घोडबंदर रोडचे ठिपके तर इतके चिकटून की ट्रॅफिक बघूनच कळावं. पापुन्यात कथेतला गुपित ठेवायचा भाग झाकायलाही ठिपके वापरले गेले हे कळल्यावर एका पोरीने आपलं काहीतरी गुपित काढून त्यावर भराभर हळद ठोकली, आईलासुद्धा सांगत नाहीये.

करणार असाल तर गेरूत फेविकॉल जरा सढळ हाताने घाला, नाहीतर वाळल्यावर पोपडे निघतात. आणि हळदीचे कपडे वेगळे धुवा.