जाफन्याला मदतीला जायचंय? आधी हे वाचा

मी फिजिओ आहे, मिरजेची, आणि यंदा श्रीलंकेच्या उत्तरेत जाफना-किलिनोच्ची भागात कृत्रिम पायांच्या कामात मदत करून आले. बरेच जण मेसेज करून विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहिते.

तिथलं श्रीलंकेचं सैन्य आणि एलटीटीई (तमिळ वाघ) यांच्यातलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, मुल्लिवायक्कलच्या किनाऱ्यावर. पण पाय गेलेल्या माणसाचं काम तेव्हा संपत नाही ना, सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग) झिजतं, त्यात बसणारा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बारीक होतो, मग सॉकेट सैल होऊन घासतं, जखम होते आणि माणूस पाय काढून कोपऱ्यात ठेवतो आणि परत कुबड्या घेतो. म्हणून इतक्या वर्षांनीही केंद्रात गर्दी असते. जाफन्यात जयपूर फूटचं केंद्र १९८७ पासून आहे, आणि तो पाय तिथे का चालतो हे बघितल्यावर लगेच कळतं, भाताच्या चिखलात अनवाणी जाता येतं, उकिडवं बसता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पाय कसा गेला हे विचारू नका. कुठे टोचतं ते विचारा. त्यांनी ती कहाणी शंभर पाहुण्यांना सांगून झालीय आणि त्यातून हातात काही पडलेलं नाही. स्वतःहून बोलले तर काम थांबवून नीट ऐका. भारतीय म्हटल्यावर कुणी आपल्या शांतिसेनेचा, म्हणजे १९८७ मध्ये तिथे गेलेल्या भारतीय सैन्याचा, विषय काढेल, ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट आणि डॉक्टर-नर्स मारले गेले ते तिथे कुणी विसरलेलं नाही, तेव्हा प्लीज वाद घालू नका, आपली बाजू मांडायला आपण तिथे गेलेलो नाही.

टुरिस्ट ईटीएवर (ऑनलाइन मिळणारी पर्यटकांची प्रवेश-परवानगी) जाऊन काम करू नका, बिनपगारी असलं तरी. संस्थेशी आधी बोलून व्हिसाचं आणि पेशंटला हात लावायच्या परवानगीचं लेखी घ्या. चेन्नईहून पलालीला, म्हणजे जाफन्याच्या विमानतळाला, थेट विमान आहे, नाहीतर कोलंबोहून ट्रेन, साधारण ४०० किलोमीटर, पण ती चालू आहे का ते आधी बघा. तमिळ शिका, सिंहला तिथे फारशी कामाची नाही. दुखतं का, कुठे, बसा, उभे राहा एवढं आलं तरी खूप. बायका पेशंट असतील तर दुभाषी बाईच हवी, घरच्या मुलाला मधे घेऊ नका, आई त्याच्यासमोर खरं सांगत नाही.

किलिनोच्ची जिल्ह्यात मुहमालईकडे, जिथे युद्धाची आघाडी होती, अजून सुरुंग काढायचं काम चालतं, लाल पाट्या दिसल्या की तिकडे पाऊल नको, मळलेली वाट सोडू नका, लोखंडाचं काही पडलेलं उचलू नका. सैन्याच्या कॅम्पचे फोटो नकोत. १८ मेच्या, म्हणजे युद्ध संपलं त्या दिवसाच्या, आसपास लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, तेव्हा कॅमेरा बॅगेतच राहू दे.

जुने कपडे नेऊ नका. सुती स्टंप सॉक्स न्या, पण साइझ केंद्राला विचारून.