आमची वाटचाल : बोअरिंगपासून भराव मोजण्यापर्यंत

सुरुवातीला आमची माती तपासणारी फर्म म्हणजे मी, एक सेकंडहँड बोअरिंग रिग आणि माझ्यापेक्षा जास्त माती बघितलेले दोन ड्रिलर, बस. कामं हायवेचीच. भोक पाडायचं, एसपीटी (माती किती टणक आहे ते बघायची चाचणी) घ्यायची, म्हणजे 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून टाकत राहायचा आणि पहिले 15 सेंमी सोडून पुढचे 30 सेंमी जायला किती ठोके लागले ते लिहायचं. मऊ क्लेमध्ये, म्हणजे चिकणमातीत, तर ठोका न मारताच रॉड आपल्या वजनानं खाली जातो, मग रिपोर्टमध्ये शून्य लिहिलं की क्लायंटचा फोन ठरलेला, "शून्य कसं येईल हो, परत बघा".

मग लॅब टाकली. फुगणाऱ्या काळ्या मातीची सीबीआर, म्हणजे रस्त्याखालची माती किती भार पेलेल ते सांगणारी टक्केवारी, कोरडी घेतली तर एकदम झकास येते, म्हणून आम्ही 4 दिवस भिजवूनच घेतो, मग तीच माती 2 टक्क्यांवर येते आणि चुना मिसळायचा का वरची माती काढून टाकायची ही चर्चा सुरू होते. कोरड्या आकड्यावर डिझाइन करणारे अजूनही भेटतात, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही.

खरा धंदा मात्र मऊ जमिनीवरच्या भरावांनी दिला. तिथं प्रश्न ताकदीचा तर असतोच पण त्याहून जास्त वेळेचा, क्लेमधलं पाणी बाहेर पडायला वर्षानुवर्षं लागतात आणि ते पडेपर्यंत रस्ता खचत राहतो, पुलाजवळ गाडी उडते ती बऱ्याचदा यामुळेच, पूल पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, असतो आणि भराव मातीवर. मृदा-यांत्रिकीचा जनक टेर्झागी, त्यानं 1925 मध्येच हे गणित मांडलंय, पाण्याची वाट निम्मी केली की वेळ पाव होतो. म्हणून मीटर-दीड मीटरवर 10 सेंमी रुंदीच्या, पाण्याला वाट देणाऱ्या ड्रेनच्या उभ्या पट्ट्या खाली घालायच्या, पाणी दाबून बाहेर काढायला वर जादा भराव टाकायचा आणि थांबायचं. पट्ट्यांचे पैसे सगळे देतात हो, थांबायला कोणी तयार नसतं. भराव घाईनं चढवला तर आत पाण्याचा दाब वाढतो आणि कडेनं सगळं घसरतं, म्हणून पुढचा थर कधी टाकायचा हे पाइझोमीटर, म्हणजे हा दाब मोजणारं यंत्र, बघून ठरवावं लागतं. हे मोजायचं काम कोणाला नको होतं, ते आम्ही घेतलं, आज निम्मं उत्पन्न त्याचंच आहे.

पाइझोमीटरची रीडिंग आता मोबाइलवर येतात. सेटलमेंट प्लेटची, म्हणजे जमीन किती खचली ते दाखवणाऱ्या, वर रॉड जोडलेल्या प्लेटची, लेव्हल घ्यायला मात्र अजून माणूसच पाठवतो, कारण डंपरवाले रॉडला धडक देऊन निघून जातात आणि ऑफिसात बसून वाटतं भराव एका रात्रीत खचला.