नदीच्या प्रवाहाबरोबर बिल्बाओ: पायी एक दिवस

उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहरात उतरणारे बहुतेक पर्यटक थेट आधुनिक कलेचे गुगेनहाइम संग्रहालय गाठतात आणि जुने शहर वेळ उरलाच तर पाहू म्हणून संध्याकाळसाठी ठेवतात. आम्ही मुद्दाम याच्या उलट गेलो. सकाळी सान आंतोनच्या पुलापासून निघून नेर्व्हियॉन नदीच्या प्रवाहाबरोबर चालत दुपारनंतर संग्रहालयापाशी पोहोचलो. पुढे जाणाऱ्यांनीही हाच क्रम धरावा असे मला वाटते, कारण त्या चकचकीत इमारतीची गरज या शहराला का भासली, हे आधीची वाट चालल्याशिवाय उमगत नाही. अंतर जेमतेम चार किलोमीटर असून वाट जवळपास सपाट आहे.

सान आंतोनचा पूल आणि त्याला खेटून उभे असलेले चर्च शहराच्या मानचिन्हावरही आहेत. शेजारीच १९२९ मध्ये उभारलेली रिबेरा बाजाराची प्रशस्त इमारत आहे. तेथे सकाळीच जावे, कारण मासळीचे गाळे तेव्हाच भरलेले असतात. रविवारी मात्र ते बंद असतात. बाजाराच्या मागे जुन्या शहराच्या मूळ सात गल्ल्या एकमेकींना समांतर जातात. त्यांतील सोमेरा आणि आर्तेकाले या गल्ल्यांत मान वर करून चालावे, म्हणजे काचेने बंदिस्त केलेले लाकडी सज्जे दिसतात. शहराला सनद मिळाली १३०० साली. पण या भागातील लोकांच्या बोलण्यात येणारी तारीख २६ ऑगस्ट १९८३ ही आहे. त्या दिवशी, ऐन वार्षिक जत्रेच्या आठवड्यात, नदीला महापूर आला आणि या गल्ल्या पाण्याखाली गेल्या. पाणी कुठवर चढले होते ते दाखवणाऱ्या खुणा काही भिंतींवर आहेत, आणि त्यांपैकी एकीखाली उभे राहिल्यावर ती आपल्या डोक्याच्याही बरीच वर आहे हे पाहून धस्स होते.

पायाखालच्या फरशीकडेही लक्ष असू द्यावे. पदपथावरील चौकोनी करड्या फरशीत पाकळ्यांचे फूल कोरलेले असते आणि त्याच्या खोबणींतून पावसाचे पाणी वाहून जाते. येथे सिरिमिरी नावाची भुरभुर वर्षभर केव्हाही सुरू होते, त्यामुळे ही फरशी नुसती शोभेची नाही. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट अधिक उपयोगी पडते.

दुपारचे खाणे प्लाझा नुएव्हा या कमानींनी वेढलेल्या चौकात करावे. बारच्या काउंटरवर पावाच्या चकतीवर रचलेले किंवा काडीला टोचलेले पिंचो, म्हणजे एक-दोन घासांचे पदार्थ, मांडलेले असतात. एका ठिकाणी एक-दोन खाऊन पुढच्या बारकडे सरकायचे, ही येथील रीत. पैसे सहसा शेवटी द्यायचे असतात. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध असावे. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर हॅम किंवा मासे येण्याची शक्यता असते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’ असे तिन्हींचे नाव घेऊन सांगावे. अंडे चालत असेल तर बटाट्याचे तोर्तिया, म्हणजे जाड स्पॅनिश ऑम्लेट, हा भरवशाचा पर्याय आहे. हंगामात गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या मिळतात. त्या तिखट नसतात, त्यामुळे आपल्याकडच्या जिभेला किंचित निराशा येईल. गोडासाठी लोणी भरलेला बिल्बाओचा बन घ्यावा. दुपारी चारनंतर रात्री साडेआठपर्यंत बऱ्याच उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद असतात, हे लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी विसरू नये.

जेवणानंतर १८९० मध्ये उघडलेल्या आरियागा नाट्यगृहावरून नदीकाठ धरावा. वाटेतील सुबिसुरी हा वास्तुकार कालात्रावा यांनी रचलेला पांढरा पादचारी पूल छायाचित्रांत फार देखणा दिसतो; प्रत्यक्षात त्याची काचेची जमीन पावसात इतकी निसरडी ठरली की तिच्यावर चटई अंथरावी लागली. पुलाजवळूनच आर्चांडा डोंगरावर १९१५ पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी रेल्वे, सुटते. हवा स्वच्छ असेल तरच वर जावे. वरून नदीचे वळण आणि दोन्ही बाजूंचे डोंगर एकाच नजरेत येतात आणि शहर इतके चिंचोळे का वाढले ते कळते.

गुगेनहाइम १९९७ मध्ये उघडले. त्याआधी या काठावर गोदामे, रेल्वेचे रूळ आणि धक्के होते, आणि थोडे पुढे एउस्काल्दुना ही जहाजबांधणीची गोदी होती, जी १९८०च्या दशकात बंद पडली. पोलाद आणि जहाजे यांवर जगणाऱ्या शहराचा रोजगार गेला, त्यातून नदीकाठ नव्याने उभारण्याचा निर्णय झाला, आणि संग्रहालय हा त्यातला केवळ एक भाग होता. भुयारी मेट्रो १९९५ मध्येच सुरू झाली होती आणि नदीच्या शुद्धीकरणाचे काम त्याच्याही आधीपासून चालू होते. संग्रहालयात शिरल्यावर शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या गंजलेल्या पोलादाच्या प्रचंड वळणदार भिंतींसाठी भरपूर वेळ ठेवावा. त्यांच्यामधून चालताना भिंती कधी अंगावर कलतात, कधी दूर सरतात, आणि बोललेला शब्द वेगळाच घुमतो. बाकीची दालने मी झरझर पाहिली आणि त्याचा पश्चात्ताप नाही. संग्रहालय बहुतेक सोमवारी बंद असते, आणि तिकीट आधी ऑनलाइन काढलेले बरे.

शेवटचा टप्पा अनेकजण गाळतात, पण तो गाळू नये. आणखी पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर सागरी संग्रहालयाच्या अंगणात कारोला नावाची लाल क्रेन उभी दिसते. जुन्या गोदीची ती राहिलेली खूण. शेजारचे एउस्काल्दुना सभागृह १९९९ मध्ये त्याच गोदीच्या जागी, बांधणी अर्धवट राहिलेल्या जहाजाच्या आकारात उभारले. परतीला येथूनच ट्राम मिळते. ‘बारिक’ कार्ड घेतले तर तेच ट्राम, मेट्रो आणि फ्युनिक्युलरलाही चालते व भाडे कमी पडते. दुसरा अर्धा दिवस हाताशी असेल तर त्याच कार्डावर मेट्रोने आरेएता स्थानकापर्यंत जावे आणि १८९३ च्या बिस्काया पुलाच्या लोंबत्या पाळण्यातून पलीकडच्या पोर्तुगालेतेला उतरावे.