आमची वाटचाल: ओमनीचे ऑइल-संप आणि माळा

1998 साली अण्णांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज काढलं. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी शेड. मी तेव्हा शाळा सुटली की पाने पुसायला यायचो.

पहिली ठेच लागली ती एका भाजीवाल्या मामांच्या ओमनीपायी. इंजिन जाम, क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) गेलेला. कुर्ल्याहून मारुती 800 चं हाफ इंजिन, म्हणजे बाहेरचे जोडभाग नसलेलं इंजिन, आणलं. दोन्हींत 796 सीसीचं तेच तीन सिलिंडरचं एफ8बी इंजिन, मग अडचण कसली? पण 800 मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओमनीत पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेनं बसून मागची. 800 च्या संपासकट (संप म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बसवायला गेलो आणि दोन दिवस घालवले. शेवटी संप, त्यातली ऑइलची गाळणी, मॅनिफोल्ड, माउंटिंग सगळं ओमनीचंच काढून चढवलं. अण्णा म्हणाले, "ब्लॉक सख्खे भाऊ असले तरी संसार वेगळे आहेत रे."

पुढे जिप्सीवाले यायला लागले. जुनी 970 सीसीची गाडी गगनबावड्याच्या चढाला दमायची. त्यांना 1996 नंतरच्या जिप्सी किंगचं 1298 सीसीचं इंजिन हवं असायचं. नुसतं इंजिन आणून भागत नाही, सोबत पाच गिअरचा बॉक्सही लागतो. बॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) यांच्या मधला छोटा शाफ्ट दरवेळी मापून करून घ्यायचा. लेथवाले शेजारीच, म्हणून जमलं. पैसाही बरा मिळाला. पण ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणाऱ्यांशी माझे खूप वाद झाले, आणि काही कामं मी करायला नको होती.

एका गिऱ्हाइकाला भंगारवाल्यानं इंजिनाचं बिलच दिलं नव्हतं. गाडी विकताना आरसी बुकातला नंबर जुळेना, आणि बोलणी आम्ही खाल्ली. तेव्हापासून बिल नसलेलं इंजिन शेडमध्ये येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार नको असं सांगितलं, आणि सीसी बदलायचं काम आम्ही पूर्ण थांबवलं. आता त्याच जातीचं इंजिन, आधी आरटीओची परवानगी, मग पाना.

जिप्सी आणि ओमनी दोन्ही त्याच वर्षी बंद झाल्या. 800 ची हाफ इंजिनं अजून मिळतात, ओमनीचे संप मिळत नाहीत. माळ्यावर अकरा जपून ठेवलेत.