चार रविवार, बिनकॅमेऱ्याचे

चिंकाऱ्यावर, म्हणजे माळावरच्या छोट्या हरणावर, एक फोटोमालिका करायची होती. एकच माळ, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. जो तो म्हणाला, मयूरेश्वर अभयारण्यात जा. सासवड-जेजुरी-मोरगाव करत सुप्याला पोचायचं, अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा दिसतोच. दिसतो खरा, पण रविवारी त्याच्यासमोर गाड्यांची रांगही दिसते. म्हणून आसपासचा माळ धुंडाळायचा ठरवला आणि रेकी संपेपर्यंत कॅमेरा घरीच ठेवायचा. हातात असला की जागा बघायची सोडून आपण फोटोच काढत बसतो.

पहिला रविवार वाया. सॅटेलाइट मॅपवर मोकळा दिसलेला माळ प्लॉटिंगवाल्यांनी खुंट्या ठोकून वाटून टाकला होता. हडपसरच्या पुढं कुठंही हेच, म्हणा.

दुसऱ्या रविवारी अक्कल चालवून पाझर तलावाशी गाडी लावून बसलो. प्राणी पाण्यावर येणारच! तीन तासांत मेंढ्यांचा एक कळप आला आणि त्यामागून धनगर मामा.

"काय बघताय पाव्हणं?"

"चिंकारा."

"मग पाण्यावर कशाला बसलाय? ती काय रोज पाणी प्यायला येत न्हाईत."

खरंच आहे. पाला, शेंगा, पहाटेचं दव यांतल्या ओलाव्यावर चिंकारा बरेच दिवस काढतो. हे मी वाचलेलं होतं, तरीही तलावावर बसलो होतो.

मामांनी हिवराच्या झाडाखाली नेलं. तिथं लेंड्यांचा ढीग होता. खालच्या राखाडी, भुगा झालेल्या. वरच्या काळ्या, चकचकीत. चिंकारा पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो, म्हणजे तो परत येणार हे नक्की. माझी जागा ठरली ती मॅपवर नव्हे, या ढिगावर.

तिसऱ्या रविवारी नुसता उजेड बघितला. थंडीत सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणून गाडी ढिगाच्या आग्नेयेला लावली तर ऊन पाठीशी राहतं. साडेनऊनंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते. लांबच्या लेन्सनं काहीही काढा, मऊच, म्हणजे अस्पष्टच येणार. म्हणजे हाताशी जेमतेम अडीच तास. हेही वहीत लिहून ठेवलं.

गाडी लावायची ती जमीन एका शेतकऱ्याची. बांधावर चहा झाला, परवानगी मिळाली. अट एकच: ज्वारीत चाक घालायचं नाही. पलीकडची वनजमीन, तिथं वनरक्षकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हे मी स्वतःच ठरवलं. गावाचं नावही इथं मुद्दामच लिहीत नाही.

चौथ्या रविवारी काच खाली करून नुसता बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी नर आला. शेपटी सारखी फडफडत होती. ढीग हुंगला, माझ्या गाडीकडं एकदा रोखून बघितलं आणि काम उरकून निघून गेला.

पाचव्या रविवारी कॅमेरा नेला. इतकं धुकं, की नऊपर्यंत हिवरसुद्धा दिसेना.