तुम्ही विचारलंत म्हणून: मी चर्चवाल्यांबरोबर का गेले

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावी मी टोर्नेडोनंतर मदतीला गेले होते, त्याचा विषय निघाला की मंडळात कुणीतरी विचारतंच, "तू त्या चर्चवाल्यांबरोबर कशी काय गेलीस गं? ते तर धर्म वाढवायला येतात." लातूरहून मावशीही तेच विचारते, फक्त आवाज उतरवून.

सरळ सांगते, चेनसॉ, म्हणजे झाडं कापायच्या यांत्रिक करवती, त्यांच्याकडे होत्या.

२२ मे २०११ च्या रविवारी ईएफ-५, म्हणजे सगळ्यात जोरदार दर्जाचा टोर्नेडो गावातून गेला. १६१ माणसं गेली, ७,५०० च्या आसपास घरांची पडझड झाली, मोठं हॉस्पिटल निकामी झालं. आम्ही राहतो त्या शेजारच्या आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलहून जॉप्लिन तासा-दीड तासावर. पण अशा ठिकाणी नुसती गाडी काढून गेलेला माणूस लोकांच्या पायात येतो. चर्चकडे सगळं तयार असतं: ट्रेलर, फिरती स्वयंपाकघरं, चेनसॉ चालवायला शिकलेली निवृत्त माणसं. मोठ्या आपत्तीत पिवळ्या शर्टातले सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे स्वयंसेवक रांधतात आणि रेड क्रॉसच्या गाड्या वाटतात, ही त्यांची जुनी जोडी. शिवाय सरकारी मदतीत गावाने जो वाटा उचलायचा, त्यात स्वयंसेवकांचे तास जमा धरतात, म्हणून कामाआधी नाव आणि वेळ लिहायची. त्या कागदावर धर्माचा रकाना नव्हता, हे मी मंडळात ऐटीत सांगायचे. पुढचं सांगत नसे.

एका आजोबांच्या घरावर ओकचं झाड आडवं पडलं होतं. करवतवाले कापत, आम्ही ओढून रस्त्याकडेला नेत असू. फांद्यांचा ढीग वेगळा, घराचं लाकूड वेगळं, फ्रिज-वॉशर वेगळे. एकत्र केलं की ट्रकवाले हात लावत नाहीत. उष्णता अडवायला भिंतीत भरलेला गुलाबी काचेचा कापूस घामट मनगटाला चिकटून चावत होता. आजोबा खुर्ची टाकून बघत बसलेले. त्यांची बायको त्या वादळात गेली, हे शेजाऱ्याने सांगितलं.

काम संपलं की बायबलच्या कोऱ्या पानावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि ते घरमालकाला द्यायचं, अशी या चमूची रीत. पेन माझ्याकडे आलं. मी देवनागरीत सही ठोकली. आजोबांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, ही कुठली लिपी? मी सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदा ते हसले. तेवढ्यात आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "यात देवाची काही योजना असेल. तो तुम्हाला हाक मारतोय."

आजोबांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातात परत ठेवलं. "झाड काढलंत, आभारी आहे," एवढंच बोलून ते आत गेले. आत म्हणजे अर्धं छप्पर नसलेल्या खोलीत.

आमचा म्होरक्या सत्तरीचा सुतार. त्याने पोराला ट्रकमागे नेऊन असा झापला की आम्हाला इकडे ऐकू आलं. पण वाक्य बोलून झालं होतं, आणि ज्या पुस्तकाबरोबर ते आलं त्यात माझं नाव होतं.

तेव्हाची मी म्हणायची, त्यांना काही नको असतं. असं कसं? हवं असतंच, ते लपवतही नाहीत. मलाही रविवारी यायचं आमंत्रण होतं, दोनदा. पण नाकासमोर बघून मदत करणारं कोण असतं? १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात एकांनी ब्लँकेटं वाटली, ती फोटो काढल्याशिवाय हातात दिली नाहीत. ते आपलेच होते. मावशीने ते ब्लँकेट पुढे कितीतरी वर्षं वापरलं.

नवरा म्हणतो, सही करायला नको होती, त्या पोराच्या बोलण्याला तुझीही मान्यता झाली. मी म्हणते, मग ओंडकेही माझ्याच हाताने गेले. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. पुन्हा कुठे टोर्नेडो झाला आणि त्या चमूचा फोन आला, तर मी जाणार. तो पोरगा असलाच तर त्याला चालू चेनसॉच्या शेजारी उभा करीन.