होलाशोविट्से: दोनदा ओस पडलेलं गाव

होलाशोविट्सेचे फोटो पाहिले होते तेव्हा वाटलं होतं, पर्यटकांसाठी नटवलेलं गाव असणार. नटवलेलं आहेच, पण त्यामागची गोष्ट चांगलीच करुण आहे.

चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुडेयोविट्से या शहराच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर हे गाव आहे. दक्षिण बोहेमियाचा हा भाग सखल आणि पाणथळ. मध्ययुगापासून लोकांनी इथे मासे पाळायला तळी खणली, आणि आजही चेक घरांत नाताळच्या जेवणाला कार्प मासा लागतोच. बसमधून दोन्ही बाजूंना शेतं आणि मधूनच चमकणारं पाणी दिसत राहतं. दक्षिणेला मात्र ब्लान्स्की लेसचे जंगलाने भरलेले डोंगर उभे आहेत, त्यातलं क्लेत शिखर 1084 मीटर उंच.

गाव म्हणजे खरं तर एक लांबट आयताकृती चौक, जवळजवळ 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. मधोमध हिरवळ, एक तळं आणि 1755 सालचं नेपोमुकच्या संत जॉनचं छोटंसं चॅपल. भोवती वीस-बावीस वाडे, सगळ्यांची तोंडं चौकाकडे. प्रत्येक वाड्याची मांडणी तीच: एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला धान्याचं कोठार, मध्ये कमानीचा दरवाजा. बैलगाडी आत जाईल एवढा रुंद. आत अंगण, गोठे आणि शेवटी आडवं मोठं धान्यघर.

मी बराच वेळ एकाच घरासमोर उभा होतो. पिवळसर भिंत, तिच्यावर पांढऱ्या गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या, वर दोन्ही बाजूंनी वळत गेलेली कड आणि मधोमध घर बांधल्याचं साल. चर्चच्या आणि शहरातल्या श्रीमंतांच्या बरोक (म्हणजे भरपूर नक्षी आणि वळणांच्या) इमारती पाहून शेतकऱ्यांनीही आपल्या घरांना तोच थाट दिला. 1848 मध्ये वेठबिगारी संपली, हातात पैसा खेळू लागला आणि एकोणिसाव्या शतकात हे दर्शनी भाग सजले. हौस कुणाला नसते!

गावाचा उल्लेख 1263 पासून मिळतो. 1292 मध्ये राजाने ते विश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाला देऊन टाकलं आणि मग काही शतकं मठाचीच सत्ता. 1520 ते 1525 च्या दरम्यान प्लेग आला. म्हणतात, गावात फक्त दोन माणसं जिवंत राहिली. चौकात त्या साथीची आठवण म्हणून उभारलेला प्लेगचा स्तंभ आहे, तो बघताना हा आकडा डोक्यातून जात नाही. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून माणसं आणून वसवली आणि गाव जर्मन बोलू लागलं. 1895 मध्ये इथे 157 जर्मन आणि अवघे 19 चेक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना हाकलून दिलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी कुटुंबं गेली, वाड्यांना कुलपं लागली. कम्युनिस्ट राजवटीत बरीच घरं पडक्या अवस्थेत उभी होती. आणि त्यामुळेच ती टिकली, असं माझं मत झालं. राहायला माणूस असता, तर कुणी मोठ्या खिडक्या बसवल्या असत्या, कुणी वर मजला चढवला असता. 1990 नंतर डागडुजी सुरू झाली आणि 1998 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. माहितीफलकांवर घरांच्या शैलीचं कौतुक भरपूर आहे. ती घरं बांधणाऱ्यांचे वंशज कुठे गेले, याबद्दल जरा आवरतं घेतलंय.

जेवायला चौकातल्याच खानावळीत कुलायदा मागवलं. आंबट साय, बटाटे, अळंबी, वर अंडं आणि भरपूर शेपू घातलेलं दाट सूप. लहानपणी शेपूच्या भाजीपासून पळणारा मी, वाडगं पुसून खाल्लं.

गावाबाहेर अलीकडे उभारलेलं दगडांचं वर्तुळ आहे, इंग्लंडच्या स्टोनहेंजच्या धर्तीवर. त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका. जुलैत शेतकऱ्यांची जत्रा भरते, तेव्हा चौकात कारागिरांच्या दुकानांची रांग लागते. घरं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळा. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.